सर्व्हरवरची फाइल, आपल्याच एडिटरमधून

वाचनालयाची, गृहनिर्माण संस्थेची किंवा एखाद्या छोट्या प्रकाशनाची वेबसाइट सांभाळणाऱ्याचं रोजचं काम बहुतेक वेळा अगदी लहान असतं. कार्यक्रमाची तारीख बदलायची, जुना फोन नंबर काढून नवा टाकायचा, सूचनेत एक ओळ वाढवायची. या एका ओळीसाठी एका प्रोग्रॅममधून फाइल उतरवून घ्यायची, दुसऱ्यात बदलायची आणि पुन्हा पहिल्यात येऊन चढवायची, असा द्राविडी प्राणायाम अनेक जण वर्षानुवर्षं करतात. त्याची गरज नसते. टेक्स्ट एडिटर, म्हणजे साधा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, थेट सर्व्हरशी जोडता येतो. फाइल तिथूनच उघडायची आणि कंट्रोल-एस दाबून तिथेच जपायची.

हे कसं करायचं ते आपण क्रमाने पाहू. उदाहरणासाठी मी विंडोजवरचा नोटपॅड प्लस प्लस हा एडिटर घेतो आहे. तो मोफत आहे, जुन्या संगणकावरही हलका चालतो आणि देवनागरी नीट हाताळतो. त्याला जोडायचं पूरक साधन, म्हणजे प्लगइन, एनपीपीएफटीपी नावाचं आहे. आपला एडिटर दुसरा असला तरी पुढचं बरंचसं लागू पडेल.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. सर्व्हरवरची फाइल एडिटरमध्ये उघडली असं आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तिची एक प्रत आपल्या संगणकावर उतरते आणि एडिटर ती प्रत उघडतो. आपण सेव्ह केलं की ती प्रत पुन्हा सर्व्हरवर जाते आणि तिथल्या फाइलची जागा घेते. या कामात जेवढे घोटाळे होतात, त्यातले बरेचसे या एका गोष्टीचा विसर पडल्यामुळे होतात. म्हणून पुढे ती मी पुन्हा पुन्हा आणणार आहे.

एफटीपी म्हणजे फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. प्रोटोकॉल म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम. या नियमांचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. आज चालणाऱ्या एफटीपीचा मूळ आराखडा ऑक्टोबर १९८५ च्या दस्तऐवजात आहे. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं, त्यामुळे ते आता संपलं असा अनेकांचा समज आहे. पण वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंग सेवा आजही ग्राहकाला एफटीपीचं खातं देतात, आणि लहान साइटची कामं त्यावरच चालतात.

आधी माहिती गोळा करा

जोडणीसाठी पाच गोष्टी लागतात: सर्व्हरचं नाव, पोर्ट क्रमांक, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड आणि जोडणीचा प्रकार. पोर्ट म्हणजे एकाच संगणकावर वेगवेगळ्या कामांसाठी ठेवलेल्या दारांचे क्रमांक. एफटीपीचं दार २१ आणि एसएफटीपीचं २२. काही होस्टिंगवाले हे क्रमांक बदलतात, तेव्हा खातं मिळाल्यावर आलेल्या मेलमध्ये पाहून घ्यावं.

होस्टिंगवर सीपॅनल नावाचं नियंत्रणाचं पान असेल, तर तिथे ‘एफटीपी अकाउंट्स’ या विभागात नवं खातं काढता येतं. इथे दोन ठिकाणी माणसं हमखास अडखळतात. पहिलं म्हणजे, अशा खात्याचं पूर्ण नाव ई-मेलच्या पत्त्यासारखं असतं. त्यात ॲट चिन्ह आणि पुढे साइटचं नाव येतं. नुसता पहिला भाग लिहिला तर सर्व्हर आत घेत नाही आणि आपण विनाकारण पासवर्ड बदलत बसतो. दुसरं म्हणजे, खातं काढताना फोल्डरचा रकाना आपोआप भरलेला येतो. तो तसाच ठेवला तर खात्याच्या वाट्याला एक नवं, रिकामं फोल्डर येतं. जोडणी यशस्वी होते आणि साइटची एकही फाइल दिसत नाही. ‘सगळं पुसलं गेलं’ म्हणून घाबरून होस्टिंगवाल्यांना फोन लावायच्या आधी हा रकाना तपासावा. साइटच्या फाइली बहुधा ‘पब्लिक एचटीएमएल’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात.

आता जोडणीचा प्रकार. यावर थोडं थांबायला हवं. मूळ एफटीपीमध्ये नाव, पासवर्ड आणि फाइलमधला मजकूर, सगळं काही उघडं जातं. हॉटेलात किंवा स्टेशनवर वाय-फाय वापरताना त्याच जाळ्यावर बसलेल्या जाणकाराला आपला पासवर्ड अक्षरशः वाचता येतो. १९७१ साली जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, तेव्हा कोणाला हा धोका वाटला नाही. आज तो खरा आहे.

यावर दोन उपाय आहेत आणि त्यांची नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. एफटीपीएस म्हणजे तेच जुनं एफटीपी, फक्त संभाषण कुलूपबंद केलेलं. त्यातही दोन तऱ्हा आहेत. एकीत २१ क्रमांकाच्या दारावर साधी सुरुवात होते आणि लगेच कुलूप लागतं. एनपीपीएफटीपीच्या यादीत हिला एफटीपीईएस म्हटलेलं दिसेल. दुसरीत पहिल्या क्षणापासून कुलूप असतं आणि तिचं दार ९९० असतं. एसएफटीपीचा मात्र एफटीपीशी नावापलीकडे संबंध नाही. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे आज्ञा चालवण्यासाठी एसएसएच नावाची सोय असते, तिच्यातूनच ते फाइली नेतं-आणतं. आपला होस्टिंगवाला एसएफटीपी देत असेल तर तेच घ्या. ते नसेल तर एफटीपीईएस. साधं एफटीपी अगदी नाइलाज असेल तरच, आणि तेही घरच्या जोडणीवरून. या दोन्हींपैकी एकही सुरक्षित प्रकार न देणाऱ्या होस्टिंगवर मी स्वतः साइट ठेवणार नाही.

प्लगइन बसवणं आणि प्रोफाइल भरणं

नोटपॅड प्लस प्लस उघडा. वरच्या ओळीत ‘प्लगइन्स’ या यादीत ‘प्लगइन्स ॲडमिन’ आहे. तिथे एनपीपीएफटीपी शोधा, पुढच्या चौकटीत खूण करा आणि ‘इन्स्टॉल’ दाबा. एडिटर स्वतःच बंद होऊन पुन्हा उघडतो.

आता पुन्हा ‘प्लगइन्स’ यादीत जाऊन एनपीपीएफटीपीची खिडकी दाखवायला सांगा. पडद्याच्या कडेला एक उभा पट्टा येतो. त्याच्या माथ्यावर छोटी चित्रं असतात. त्यातल्या दातेरी चाकाच्या चित्रावर टिचकी मारून ‘प्रोफाइल सेटिंग्ज’ निवडा.

प्रोफाइल म्हणजे एका सर्व्हरची सगळी माहिती एका नावाखाली जपलेली. नवं प्रोफाइल काढून त्याला ओळखता येईल असं नाव द्या आणि मघाची पाच उत्तरं भरा. सर्व्हरचं नाव लिहिताना पुढे ‘एचटीटीपी’ किंवा ‘एफटीपी’ आणि तिरक्या रेघा लावू नका, नुसतं नाव लिहा. शेवटी चुकून रिकामी जागा राहिलेली नाही ना, तेही पाहा. मेलमधून चिकटवलेल्या नावांत आणि पासवर्डांत ही रिकामी जागा फार वेळा येते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

पासवर्ड इथे जपून ठेवायचा की दर वेळी विचारू द्यायचा, हे आपल्यावर आहे. संगणक एकट्याचा नसेल तर ‘आस्क फॉर पासवर्ड’ला खूण करावी. जपायचाच असेल तर सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये मास्टर पासवर्डची सोय आहे, ती वापरा. तिच्याशिवाय जपलेला पासवर्ड, तो ज्या फाइलमध्ये असतो ती जाणकाराच्या हाती लागली की, सहज उलगडतो.

‘ट्रान्सफर्स’ या पानावर दोन निवडी आहेत. पहिली ‘ॲक्टिव्ह’ की ‘पॅसिव्ह’. दुसरी ‘आस्की’ की ‘बायनरी’. पॅसिव्ह आणि बायनरी निवडा. का, ते थोडं पुढे कळेल. खिडकी बंद केली की नोंदी जपल्या जातात.

जोडणी आणि सर्व्हरची उत्तरं

पट्ट्यावरच्या पहिल्या चित्रावर टिचकी मारून आपलं प्रोफाइल निवडा. एसएफटीपीत पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची एक लांब माळ दाखवली जाते आणि ‘हाच सर्व्हर मानायचा का’ असं विचारलं जातं. पहिल्यांदा हे अपेक्षितच आहे. मात्र रोज जोडला जाणारा सर्व्हर एखाद्या दिवशी अचानक नवी ओळख दाखवू लागला, तर थांबा. होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला आहे का ते विचारा, आणि मगच पुढे जा.

पट्ट्यावर ‘मेसेजेस’ची खिडकी उघडायचं एक चित्र आहे. ते उघडून ठेवायची सवय लावा. एफटीपीत आपला संगणक आणि सर्व्हर यांच्यातलं संभाषण तिथे ओळीओळीने उमटतं. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तीन आकडी संख्या असते. जोडणी नीट होते तेव्हा २२० येतं, म्हणजे सर्व्हर तयार आहे. मग ३३१, म्हणजे नाव मिळालं, आता पासवर्ड द्या. मग २३०, म्हणजे आत आलात.

या संख्यांचा पहिला आकडा कळला की बरंच काम होतं. २ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे काम झालं. ३ म्हणजे अर्धं झालं, आणखी माहिती हवी. ४ म्हणजे आत्ता जमलं नाही, पुन्हा करून पाहा. ५ म्हणजे असं जमणारच नाही, काहीतरी बदलायला हवं. ५३० आलं की नाव किंवा पासवर्ड चुकलेला असतो. ५५० आलं की फाइल त्या जागी नसते किंवा तिला हात लावायची परवानगी नसते. होस्टिंगवाल्यांकडे मदत मागताना ‘चालत नाही’ असं लिहिण्याऐवजी ही संख्या आणि तिच्यापुढची ओळ पाठवली, तर उत्तर खूप लवकर मिळतं.

पुष्कळदा असं होतं, की २३० येतं, आपण आत जातो, आणि फाइलींची यादी मात्र येतच नाही. थोड्या वेळाने ४२५ दिसतं किंवा जोडणीच तुटते. याचं कारण एफटीपीच्या घडणीत आहे. एफटीपी एकाच वेळी दोन जोडण्या वापरतं. पहिलीवरून आज्ञा आणि उत्तरं जातात. फाइल किंवा फाइलींची यादी मात्र दर वेळी वेगळ्या, दुसऱ्या जोडणीवरून येते. पहिली जोडणी जमली याचा अर्थ दुसरी जमेल असा होत नाही.

ही दुसरी जोडणी कोणी सुरू करायची, एवढाच ॲक्टिव्ह आणि पॅसिव्हमधला फरक आहे. ॲक्टिव्हमध्ये सर्व्हर आपल्या संगणकाकडे येतो. पण आपल्या घरच्या राउटरला आणि विंडोजच्या फायरवॉलला, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या संरक्षणाला, तो कोणीतरी अनोळखी वाटतो. आपण कोणाला बोलावलंय हे सोसायटीच्या वॉचमनला सांगितलंच नसेल, तर तो पाहुण्याला फाटकाबाहेर थांबवतो, तसंच हे. पॅसिव्हमध्ये दुसरी जोडणीही आपला संगणकच सुरू करतो, त्यामुळे आपल्या बाजूला अडवणूक होत नाही. म्हणून पॅसिव्ह.

पॅसिव्हमध्ये सर्व्हर आपल्याला कुठल्या दाराने यायचं ते सांगतो. मेसेजेसच्या खिडकीत २२७ ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी कंसात सहा संख्या असतात, उदाहरणार्थ १९२, ०, २, १०, १९५, ८०. पहिल्या चार म्हणजे सर्व्हरचा पत्ता. शेवटच्या दोनांतून दाराचा क्रमांक निघतो: १९५ ला २५६ ने गुणायचं आणि ८० मिळवायचे. उत्तर ५०,०००. म्हणजे यादी ५०,००० क्रमांकाच्या दारातून येणार. पहिल्या दोन संख्या १९२ आणि १६८ अशा आल्या, तर सर्व्हर आपला आतला, खासगी पत्ता सांगतो आहे. बाहेरून तिथे पोचता येत नाही. ही चूक सर्व्हरच्या बाजूची, तिथे आपण कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. होस्टिंगवाल्यांना ती ओळ पाठवावी. एसएफटीपीत हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे एकच जोडणी असते. त्याला पसंती देण्याचं हे दुसरं कारण.

फाइल उघडणं

यादी आली की फोल्डर उघडत जा आणि हव्या त्या फाइलवर दोनदा टिचकी मारा. फाइल एडिटरच्या नव्या टॅबमध्ये येते. आता खिडकीच्या माथ्यावरची ओळ जरूर वाचा. तिथे सर्व्हरचा पत्ता नसेल. आपल्याच संगणकावरच्या एका फोल्डरचा पत्ता असेल, आणि त्यात कुठेतरी ‘कॅशे’ हा शब्द असेल. कॅशे म्हणजे तात्पुरत्या प्रतींचा साठा. सुरुवातीला म्हटलेली प्रत ती हीच.

एनपीपीएफटीपी या कॅशेत सर्व्हरसारखीच फोल्डरांची रचना उभी करतं. आपण सेव्ह केलं, की ते पाहतं: ही फाइल कॅशेतली आहे का, आणि त्या सर्व्हरशी आत्ता जोडणी आहे का? दोन्ही खरं असेल तरच फाइल वर जाते.

जोडणी नसेल तर? कंट्रोल-एस चालतं, टॅबवरची न जपल्याची लाल खूण जाते, आणि सर्व्हरवर काहीही बदलत नाही. बदल फक्त आपल्या प्रतीत राहतो. हे सर्वांत जास्त वेळा होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. नोटपॅड प्लस प्लस मागच्या वेळचे टॅब स्वतःहून पुन्हा उघडतो. कालची फाइल समोर तयार दिसते, आपण लगेच कामाला लागतो, आणि जोडणी करायचं राहून जातं. अर्ध्या तासाने साइट पाहावी तर जुनीच तारीख.

याहून वाईट प्रकार म्हणजे जोडणी असते, पण समोरची प्रत कालची असते. दरम्यान आपल्या सहकाऱ्याने सर्व्हरवरच्या फाइलीत चार ओळी वाढवलेल्या असतात. आपण कालच्या प्रतीत एक शब्द बदलून सेव्ह करतो आणि त्याच्या चार ओळी गेल्या. एफटीपी विचारत नाही, सावध करत नाही, दोन प्रती जुळवत नाही. जी फाइल शेवटी आली ती राहिली. म्हणून नियम एकच ठेवा: रोज कामाला बसताना आधीचे टॅब बंद करायचे, जोडणी करायची, आणि फाइल पट्ट्यातल्या यादीतूनच पुन्हा उघडायची. ‘अलीकडच्या फाइली’ या यादीतून तर कधीच नाही. दोघं-तिघं मिळून साइट सांभाळत असतील, तर कोण कुठल्या फाइलवर बसलं आहे ते व्हॉट्सॲपवर कळवून ठेवणं इतकं साधं काम मोठा मनस्ताप वाचवतं.

मराठी अक्षरं

मराठी साइटवाल्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

संगणक अक्षरं साठवत नाही, संख्या साठवतो. कुठल्या संख्येचं कुठलं अक्षर, या ठरावाला एन्कोडिंग म्हणतात. देवनागरीसाठी आज यूटीएफ-८ हे एन्कोडिंग वापरावं. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तीन लहान संख्या. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हं आहेत. म्हणजे फाइलमध्ये पंधरा बाइट.

एडिटरने ही फाइल चुकून ‘एएनएसआय’ या रोमन लिपीसाठीच्या जुन्या एन्कोडिंगने वाचली, तर तो प्रत्येक बाइटचं वेगळं चिन्ह दाखवतो. ‘मराठी’च्या जागी रोमन अक्षरांची आणि खुणांची एक लांब माळ दिसते, आणि तिच्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ सारखा सारखा येतो. हा ‘ए’ दिसला की समजावं: फाइल ठीक आहे, वाचण्याची रीत चुकली आहे.

इथे हात आवरा आणि सेव्ह करू नका. वरच्या ‘एन्कोडिंग’ यादीत दोन गट आहेत. वरच्या गटात नुसती नावं आहेत. ती फाइल कशी वाचायची ते सांगतात. खालच्या गटात नावांआधी ‘कन्व्हर्ट’ आहे. ती फाइलमधल्या संख्याच बदलतात. आपल्याला वरचं ‘यूटीएफ-८’ हवं. ते निवडताच मराठी मूळ रूपात येते. घाईत खालचं ‘कन्व्हर्ट’ निवडून सेव्ह केलं तर ती विचित्र माळच खरा मजकूर म्हणून पक्की होते.

उलट चूक याहून महाग पडते. मराठी नीट दिसते आहे आणि कोणीतरी ‘कन्व्हर्ट टू एएनएसआय’ केलं, तर त्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीला जागाच नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाचं प्रश्नचिन्ह होतं. सेव्ह करून टॅब बंद केला की मूळ मजकूर फाइलमधून गेलेला असतो. प्रश्नचिन्हांवरून तो परत काढता येत नाही. जुनी प्रत असेल तरच निभावतं.

यादीत ‘यूटीएफ-८-बीओएम’ असाही पर्याय आहे. त्यात फाइलच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट जोडले जातात. साध्या पानाला त्याचा फारसा उपद्रव नसतो, पण पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या फाइलमध्ये हे तीन बाइट कोडच्या आधी बाहेर पडतात आणि ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ अशी तक्रार येते. कोड कितीही वाचला तरी चूक सापडत नाही. साधं यूटीएफ-८ ठेवा. एडिटरच्या तळाच्या पट्टीत उजवीकडे सध्याचं एन्कोडिंग लिहिलेलं असतं; सेव्ह करण्याआधी तिकडे एक नजर टाकावी.

छापखान्यातून आलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी. दिवाळी अंकाचा किंवा अहवालाचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर एडिटरमध्ये चिकटवल्यावर तो रोमन अक्षरांची खिचडी दिसतो. हा एन्कोडिंगच्या निवडीने सुटणारा प्रश्न नाही. त्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन वापरून आधी रूपांतर करावं लागतं, आणि मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घालावे लागतात.

आता आस्की आणि बायनरी. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, सर्व्हरवर बहुधा असणारं लिनक्स एकच. आस्की पद्धतीत एफटीपी वाटेत ही चिन्हं बदलतं. बायनरीत फाइल जशीच्या तशी जाते. चित्रं किंवा झिप फाइली आस्कीने गेल्या तर खराब होतात, म्हणून बायनरी. ओळींचे शेवट आपण एडिटरमध्येच ‘युनिक्स’, म्हणजे लिनक्ससारखे, करून ठेवावेत. सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी तर ते आवश्यकच आहे.

सेव्ह करणं

कंट्रोल-एस दाबलं की फाइल वर जाते. एफटीपी असेल तर मेसेजेसच्या खिडकीत २२६ दिसेपर्यंत थांबा, म्हणजे फाइल पूर्ण पोचली. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की साधारणपणे सर्व्हर नवी फाइल जुनीवरच लिहायला घेतो. मध्येच वीज गेली किंवा नेट तुटलं, तर तिथे अर्धी किंवा शून्य आकाराची फाइल उरते आणि साइट कोरी दिसते. घाबरायचं कारण नाही, आपली प्रत शाबूत असते. जोडणी परत आली की टॅब बंद न करता पुन्हा सेव्ह करा. फाइल सर्व्हरवरून पुन्हा उघडलीत, तर मात्र ती अर्धी फाइल आपल्या चांगल्या प्रतीवर येऊन बसेल.

महत्त्वाच्या फाइलला हात लावण्याआधी तिची जुनी प्रत ठेवावी, पण कुठे? अनेक जण सर्व्हरवरच, त्याच फोल्डरमध्ये, नावापुढे ‘बॅक’ किंवा ‘ओल्ड’ लावून ठेवतात. हे धोक्याचं आहे. नावाच्या शेवटी पीएचपी असेल तर सर्व्हर फाइल चालवतो आणि तिच्यातला कोड कोणाला दिसत नाही. शेवट बदलला की तोच सर्व्हर ती साधा मजकूर म्हणून जगाला दाखवू शकतो. माहितीसाठ्याचा, म्हणजे डेटाबेसचा, पासवर्ड ज्या फाइलमध्ये असतो तिची अशी प्रत ठेवणं म्हणजे पासवर्ड जाहीर करणंच. प्रत आपल्या संगणकावर, तारीख घालून ठेवा, आणि कॅशेच्या फोल्डरबाहेर ठेवा.

सेव्ह करताना ५५० आलं तर परवानगीचा प्रश्न असतो. लिनक्स सर्व्हरवर फाइलींना बहुधा ६४४ आणि फोल्डरांना ७५५ अशी परवानगी पुरते. इंटरनेटवर कोणी ७७७ करायला सांगितलं तरी करू नका. त्याने सर्व्हरवरच्या कोणालाही ती फाइल बदलायची मुभा मिळते.

नवी फाइल काढताना नाव रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं आणि रिकामी जागा न सोडता द्यावं. विंडोजला मोठ्या-लहान अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. त्यामुळे आपल्या संगणकावर दिसणारं चित्र साइटवर दिसत नाही, यामागे अनेकदा एका मोठ्या अक्षराचा फरक असतो.

२२६ आलं आणि तरीही साइटवर जुनंच दिसतंय? ब्राउझरनेही प्रत जपलेली असते. कंट्रोल-एफ५ दाबून पान नव्याने मागवा. तरी फरक नसेल तर साइटवर स्वतंत्र कॅशे बसवलेला आहे का ते पाहा.

बराच वेळ काही केलं नाही तर सर्व्हर स्वतःच जोडणी तोडतो, ४२१ येतं. फोनवर बोलून परत आल्यावर पहिलं सेव्ह करण्याआधी पट्ट्यातली यादी ताजी करून पाहावी, म्हणजे जोडणी जिवंत आहे की नाही ते कळतं.

दुसरे एडिटर

लिनक्सवर ईमॅक्स आणि व्हिम या जुन्या एडिटरांत ही सोय आधीपासून आहे, प्लगइन शोधावं लागत नाही. फाइल उघडायच्या आज्ञेत स्थानिक पत्त्याऐवजी प्रोटोकॉलचं नाव, वापरकर्त्याचं नाव, सर्व्हर आणि फाइलचा मार्ग असा पूर्ण पत्ता लिहायचा. तिथेही तात्पुरती प्रत उतरते आणि जपताना वर जाते, त्यामुळे वरच्या बहुतेक सावधगिऱ्या तशाच लागू पडतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचं ‘रिमोट एसएसएच’ वेगळ्या रीतीने चालतं: एडिटरचा एक भाग सर्व्हरवरच बसतो आणि फाइल खरोखर तिथल्या तिथे बदलली जाते. पण त्यासाठी सर्व्हरवर एसएसएचने आत जायची पूर्ण मुभा लागते, आणि स्वस्त सामायिक होस्टिंगवर ती सहसा पुरेशी नसते.

काम संपलं की पट्ट्यावरच्या त्याच पहिल्या चित्रावर टिचकी मारून जोडणी तोडा. संगणक कार्यालयाचा किंवा सायबर कॅफेचा असेल तर कॅशेचं फोल्डर रिकामं करा आणि प्रोफाइलही काढून टाका. साइटचं काम दुसऱ्या कोणाकडे सोपवायचं असेल, तर आपला पासवर्ड देऊ नका. सीपॅनलमध्ये त्यांच्यासाठी वेगळं खातं काढा, त्यांना लागेल तेवढंच फोल्डर त्यात द्या, आणि त्यांचं काम संपलं त्या दिवशी ते खातं बंद करा.